चिमणीचं युनिट

हॅलो?… हॅलो, कोण?… ताई? अगं, हा तर तुमच्या घरचा जुना नंबर! तो डबडा फोन अजून चालू आहे?… आणि मोबाइल कुठेय तुझा?… भाऊजींनी काढून घेतला? का?… 'कुणाशी बोलू नकोस' म्हणून. वा. छान.

नाही, नाही, बोल. थांब, जिन्यात येते. आत सगळे माना वाकड्या करून बघताहेत… हं, बोल आता… नाही, जेवले नाही. सकाळपासून चहावर आहे… ताई, मी जेवले का हे विचारायला तू फोन केलेला नाहीस.

हो… हो, उद्याच येतेय… पहिल्या पानावर… अगं ऐक ना… ताई, आधी ऐक तर! बातमी मोठ्या डॉक्टरांची आहे. भाऊजी हॉस्पिटलच्या मंडळाचे अध्यक्ष आहेत, म्हणून त्यांचं नाव येणार… हो, फोटोही आहे. दोघांचा. नव्या इमारतीची फीत कापतानाचा… मी नाही निवडला. फोटो निवडायचं काम माझ्याकडे नसतं गं.

कसला दावा साधतेय मी?… माझा घटस्फोट झाला तेव्हा ते जे बोलले ते? ते मी कधीच विसरले… बरं, विसरले नाही. पण त्यासाठी कुणी वर्षभर लोकांच्या दारात हेलपाटे घालत नाही. आणि पहिल्याच दिवशी मी संपादकांना सांगितलं की अध्यक्ष माझ्या सख्ख्या बहिणीचे यजमान आहेत. म्हणून तर भाऊजींना प्रश्न विचारायचं काम माझ्या सहकारी बाईंकडे दिलं. आमची रीतच आहे ती. ज्याच्याबद्दल छापायचं, त्याला आधी विचारायचं आणि पान छपाईला सुटेपर्यंत उत्तराची वाट बघायची. बाईंनी परवाच प्रश्न पाठवलेत. तू वाचलेस?

चष्मा सापडत नव्हता. मग?… भाऊजींनी वाचून दाखवले. काय वाचून दाखवलं?… 'तुमच्या बायकोचे दागिने कुठून आले'?… ताई, असा एकही प्रश्न त्यात नाही! देवाशपथ नाही. अगं, चष्मा शोध आणि स्वतः वाच की एकदा.

हो, माहीत आहे. देवमाणूस. बाबांचं ऑपरेशन मोठ्या डॉक्टरांनीच केलं, बाहेरच्या बाकावर मीच बसले होते ना तुझ्या शेजारी?… उपकार आहेत, कबूल. आमच्या पेपरच्या मालकांच्या छातीवरही त्यांचेच टाके आहेत. पोलिसांच्या मोठ्या साहेबांच्या सासूबाईंनाही त्यांनीच बरं केलं. म्हणूनच तर इतकी वर्षं सगळ्यांची दातखीळ बसली. आपल्यावरचे उपकार आपण फेडावेत, ताई. ते त्या पोरींकडून का वसूल करायचे?

कोण पोरी म्हणजे? शिकाऊ डॉक्टर, त्यांच्या हाताखालच्या. आणि एक नर्स… नावं नाही सांगणार. तुला तर नाहीच सांगणार… कशावरून खरं? एकमेकींना ओळखतही नाहीत त्या, आणि प्रत्येकजणी त्याच एका खोलीबद्दल बोलते. ऑपरेशन थिएटरच्या मागची. पोरीला एकटीला आत बोलवायचं, दाराला आतून कडी, बाहेर लाल दिवा. दिवा लागला की कुणी आत जायचं नाही… अगं, गप्प कुठे बसल्या? तक्रार केली! जिने केली तिला परीक्षेत नापास केलं, नाहीतर लांबच्या शाखेत धाडून दिलं. नर्सला तर सांगितलं, खोटी बदनामी करतेस, आभार मान, पोलिसांत दिलं नाही म्हणून.

रडू नकोस ना… थांब हं, इथे कुणीतरी आलंय. काय रे?… कुणाचा फोन? मालकांचा? संपादक काय म्हणाले?… बरं. बरं, आलेच म्हणावं.

नाही, तू बोल. आमच्या मालकांनी संपादकांना फोन केलाय. पुढच्या आठवड्यात मोठ्या डॉक्टरांचा सत्कार आहे ना, तो होऊन जाऊ दे म्हणताहेत. सगळ्यांना सारखीच घाई, बातमी नंतर आणि हार आधी.

भाऊजींचं म्हणणं? छापतोय की. शब्दाला शब्द. 'मंडळाकडे एकही तक्रार आली नाही, आम्हाला कसलीच कल्पना नव्हती.' चौकटीत छापतोय, अगदी ठळक… आणि खरं सांगू? तिथेच आमचं घोडं अडलंय. मंडळातल्यांना माहीत होतं हे आम्हाला दाखवता येत नाही. म्हणजे उद्या डॉक्टर अडकतील आणि भाऊजी हात झटकून मोकळे होतील. झालं समाधान?

हो गं, काळजी घेणारे आहेत. मी कधी नाही म्हटलं?… हो, चांगले बाप आहेत… हं… हं…

काय?

परत बोल… चिमणीचं युनिट?… अगं, मला कुणी सांगितलंच नाही. मला वाटायचं तुझी लेक डॉक्टरकी शिकायला लागल्यापासून लहान मुलांच्याच विभागात होती… नाव मोठ्या डॉक्टरांच्या युनिटमध्ये, त्यांच्या हाताखाली लागलं होतं… आणि भाऊजींनी एका फोनवर बदलून घेतलं. बापाचं काळीज. हो. का बदललं, ताई?

'तिथे आपली मुलगी ठेवण्यासारखं नाही हे त्यांना ठाऊक होतं.'

थांब. एक शब्दही पुढे बोलू नकोस… अगं, तू चांगुलपणा सांगायला गेलीस, कळतंय मला… ऐक, ऐक. तू बहिणीशी बोललीस. हे मी छापणार नाही. तुझ्या तोंडचं चोरून छापायला मी काही… नाही, शपथ कशाला? नाही म्हटलं ना? पण ऐकलं ते ऐकलं, आता कानांना कुलूप नाही घालता येत.

एकच विचारू? बहीण म्हणून. चिमणी तिथून निघाली, तेव्हा तिची जागा रिकामी ठेवली असेल का गं?… कुणालातरी पाठवलंच असेल ना? कुणाच्यातरी मुलीला, जिच्या बापाला असा फोन करता येत नव्हता… तुला कधी वाटलं नाही विचारावंसं?… नको बोलूस. मला राग आलाय, ताई. तुझाही आलाय. फार आलाय.

ताई… कोण रडतंय?… तू नाहीस, तुझं रडणं मी ओळखते. वरच्या खोलीतला जोडलेला फोन कुणी उचललाय?

चिमणी?

कधीपासून ऐकतेयस, बाळा?… देवमाणसापासून. म्हणजे सगळंच… तुला माहीत नव्हतं?… लहान मुलांच्या विभागात जागा झाली म्हणून, असं सांगितलं होतं तुला. हं… काय विचारलंस?

'माझ्या जागी कोण गेलं?'

ते मी नाही सांगू शकत… नाही, बाळा. तू कुणाचंही नाव घे, मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. माझ्या गप्प बसण्यातून काही काढू नकोस… कोण, होस्टेलवरची तुझ्या खोलीतली जोडीदारीण?… शिक्षण अर्धवट सोडून गेली… फोन उचलत नाही… आणि तू तिच्यावर रागावून बसलीस इतके दिवस… रड. रड, मी आहे फोनवर.

ताई, तू मध्ये बोलू नकोस. तिला बोलू दे.

कुठे, जेवणाच्या टेबलाशी?… तू समोर बसली होतीस… काय म्हणाले भाऊजी?… सावकाश… 'माझी मुलगी तुमच्या त्या खोलीच्या आसपास दिसता कामा नये'… कुणाला म्हणाले हे?… खुद्द मोठ्या डॉक्टरांना… आणि हसले?… तुला वाटलं, पेशंटकडून कसली लागण होईल म्हणून म्हणताहेत. असंच वाटणार, बाळा. तुला दुसरं काय वाटणार?

बस. पुढचं मला नको सांगूस… अगं, विश्वास आहे! पण मी मावशी आहे तुझी. मी लिहून घेतलं तर उद्या तेच म्हणतील, मावशीने पढवून ठेवली होती. माझ्या सहकारी बाई आहेत ना, त्यांच्यासमोर बसून सांग. तेही तुला सांगायचं असेल तर. नाव द्यायचं की नाही हे तू ठरव… घाई करू नकोस. वडील आहेत ते तुझे. उद्या त्या घरात तुला चहा कोण विचारेल, याचा विचार केलास?… नाही म्हणालीस तरी मी तुझी मावशीच राहीन, आणि पान काही कोरं जाणार नाही.

आत्ता येतेस?… आत्ता?

भाऊजी कुठे आहेत?… दिवाणखान्यात, वकिलांबरोबर. आणि गाडीची किल्ली?… त्यांच्या पुढ्यात. मग टॅक्सी कर… मोबाइल तुझाही घेतलाय. अरे देवा… तू तिथेच थांब, मी कुणाला तरी पाठवते… फाटक उघडणार नाहीत? रखवालदाराला सांगून ठेवलंय?

ताई. ताई, आहेस ना?… तिला अडवू नकोस… हो, ऐकतेय… संसार मोडेल. हो. मोडेलही. मी खोटा धीर देत नाही… लोक काय म्हणतील ते मला नको सांगूस, लोकांचंच तर छापतेय मी… अगं, तेव्हा लेकीला बाहेर काढलंत ते काही चुकलं नाही. पण दार ओढून घेतलंत ना मागे! आत कुणाची तरी लेक राहिली… ताई?… बोल ना काहीतरी.

हॅलो?… ताई?… चिमणी, आई कुठे गेली?… तुला वरून दिसत नाहीये? भाऊजींकडे गेली का?… कसला आवाज येतोय? कपाटं का उघडतेय ती?

ताई? आलीस? काय शोधतेयस एवढं?… चष्मा? अगं, प्रश्न वाचायची वेळ गेली आता, चष्मा कशाला…

तू चालवणार?

तुझी जुनी गाडी… तिची किल्ली आहे तुझ्याकडे. आणि रखवालदार?… 'मालकीणबाईंना अडवायची त्याची काय बिशाद.' हो… हो, बरोबर आहे. नाही गं, रडत नाहीये, जिन्यात वारं फार आहे.

ऐक. पान मी थांबवून ठेवते. संपादकांच्या दारातच बसते, मालकांचे दहा फोन येऊ देत. मग खाली फाटकाशी येऊन उभी राहते… हो, जेवीन. तुम्ही आलात की तिघी मिळून जेवू… बाळा, आईचा हात धर, तिला अंधारात पायऱ्या दिसत नाहीत.

ताई, फ्रिजवर बघ. तू नेहमी फ्रिजवरच ठेवतेस.

सापडला?… लाव. निघा आता.