थांबलेला पंखा

हा जबाब सोमवारीच लिहून द्यायचा होता. आज गुरुवार. हवालदारांनी तीनदा फोन केला. दोनदा मी उचलला नाही, तिसऱ्यांदा ताप आलाय असं सांगितलं. ताप आला नव्हता. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं खरं धरता येईल.

वय तेवीस. धंदा फोटो काढणे, मिळेल तिथे: शाळांचे वर्ग, विकायची घरं, एकदा दातांच्या डॉक्टरकडे नुसते जबडे. शिक्षण अर्धवट. राहणार सध्या धावपट्टीमागच्या टायरच्या दुकानावरची खोली, पुढच्या महिन्याचं माहीत नाही. मी ठाण्यात स्वतः हजर राहून माझ्या हाताने लिहून देते की,

गेल्या रविवारी जुन्या विमानांचा मेळावा होता. आदल्या दिवशी मी पास नसताना विमानांच्या शेडमध्ये शिरले. तिथे दोन मजली पंखांचं जुनं विमान होतं आणि त्याखाली त्याचे मिस्त्री झोपून काम करत होते. एकतीस वर्षं तेच इंजिन सांभाळतात. मला हाकललं नाही. म्हणाले, "हात लावायचा नाही आणि कौतुक करायचं नाही. कौतुक करताना लोक टेकतात." ते माझे कोणी लागत नाहीत. मी त्यांना काका म्हणते ती सवय.

रविवारी सकाळी छायाचित्रकार मंडळाचे बारा जण आले. सगळ्यांची एकसारखी खिशांची जाकिटं. एकाने सात खिसे चाचपले, शेवटी बिस्किट निघालं. अध्यक्षांची लेन्स पाण्याच्या पाइपाएवढी. माझा कॅमेरा बघून म्हणाले, "पोरी, हे आईचं का?" मग फुकटात धडा दिला: शटर सावकाश ठेवायचं, म्हणजे पुढचा पंखा फिरताना धूसर चकतीसारखा दिसतो. शटर वेगात ठेवलं तर भर वेगात फिरणारा पंखाही थांबल्यासारखा येतो. "तसा फोटो काढणाऱ्याने बागेतले बाक काढावेत," असंही म्हणाले. बाकीचे अकरा हसले. ते नेहमीच त्यांच्याबरोबर हसतात, थोडं उशिरा.

साधारण दहा वाजता अध्यक्षांनी प्रेक्षकांची दोरी तीस पावलं पुढे घ्यायला लावली, फोटो जवळून मिळावा म्हणून. दोरीचे लोखंडी खुंट उपटून पुढे गवतात ठोकले. काका धावत आले.

"अहो साहेब, ही जागा विमानाची आहे."

"तुम्ही तुमचे नटबोल्ट बघा."

"नटबोल्ट बघूनच आलोय. आता तुमचे बघतोय."

कोणी दोरी मागे घेतली नाही. मीही नाही. मलाही जवळून मिळणार होता.

अकरा चाळीसला विमान दुसऱ्यांदा जमिनीलगत उडत आलं. डावं चाक खुंटाला लागलं आणि विमान नाकावर गवतात आपटलं. वैमानिकांचा जबडा आणि डावा हात मोडला. त्याच्या जरा आधी, विमान डोक्यावर आलं तेव्हा, निवेदकाची चौकटीची टोपी वाऱ्याने उडाली होती. टोपीचं मुद्दाम लिहिते आहे.

अध्यक्षांनी ठाण्यात जो फोटो फ्रेम करून दिला (फ्रेम करून! पुरावा आहे की बक्षीस?) त्यात विमान गवताच्या दहा फूट वर आहे आणि पंखा थांबलेला आहे. त्यावरून इंजिन हवेतच बंद पडलं आणि ती मिस्त्रींची हयगय, असं ठरवलं गेलं. काका रविवारपासून इथे ठाण्यात समोरच्या बाकावर आहेत. गुन्हा लागला तर ते पुन्हा कुठल्याही इंजिनाला हात लावू शकणार नाहीत.

इंजिन चालू होतं. मी ते कानांनी ऐकलं. माझ्या फोटोत पंख्याची चकती आहे आणि वर हवेत टोपी. अध्यक्षांच्या फोटोतही टोपी तिथेच, तशीच तिरकी. म्हणजे क्षण एकच. माझं शटर सेकंदाचा ऐंशीवा भाग होतं. अध्यक्षांचं किती, हे मूळ फाइलमध्ये लिहिलेलं असतं, पण ती त्यांच्याकडून चुकून पुसली गेली म्हणे. विमान अंगावर येताना ते बिचकले आणि त्यांनी शटर वेगात नेलं. शेजारून मला त्यांच्या कॅमेऱ्यावरच्या शटरच्या चाकाची कटकट ऐकू आली. बागेतले बाक काढणाऱ्यांत ते स्वतःच आहेत, आणि हे सांगण्यापेक्षा त्यांना एक म्हातारा आत गेलेला परवडतो.

बाकीच्या अकरा जणांकडेही चकतीचे फोटो असणार. पण अकराही कार्डं मंगळवारी खराब झाली. साथ आली असावी.

आता ताप का आला ते. सोमवारी अध्यक्षांचा फोन आला. "तुला मंडळात घेतो. पास, पहिली रांग. उगाच कागद काळे करू नकोस." मी विचार करते म्हणाले, आणि तीन दिवस केला. तेवढा वेळ काका त्या बाकावर होते. हवालदार म्हणाले, हे लिहायची गरज नाही. मी ठेवते आहे.

काल काकांना डबा द्यायला म्हणून इथे आले. काका म्हणाले, "फोटो बरा आला का गं?" बरा आलाय, म्हटलं. "मग दाखव की कोणाला तरी."

वरचं सगळं हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. मी लिहिलं तेच त्यात आहे, एक ओळही दुसऱ्याची नाही. खाली सही करते.

सही करायच्या आधी एक ओळ वाढवते. आत्ताच दारात वैमानिक येऊन उभे आहेत. डॉक्टरांनी महिनाभर उठू नका म्हटलं होतं. जबड्याला तार बांधलेली, डावा हात गळ्यात, पायांत हॉस्पिटलच्या सपाता. सकाळपासून इथेच बसलेले अध्यक्ष टेबलावरची फ्रेम घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अरे, तुम्ही कशाला त्रास घेतला?" त्यांच्याकडे न बघता वैमानिक काकांच्या बाकावर बसले, अगदी खेटून, आणि उजव्या हाताने हवेत लिहून दाखवलं. हवालदार कागद शोधताहेत. माझ्या वहीतला फाडून देते.