घाऱ्या डोळ्यांची सवत

मी मूळची नागपूरची, तिथल्या उन्हात वाढलेली, आणि लग्न होऊन आले साउथहॅम्प्टनला, जिथं जूनमध्येही मला स्वेटर लागतो. हे, म्हणजे माझे मिस्टर, बस चालवायचे, मी हॉस्पिटलच्या किचनमध्ये. यांचा स्वभाव मुलखाचा अबोल. माझ्याशी बोलायचं ते लेकीच्या मार्फत, मी समोर उभी असले तरी तिलाच म्हणायचे, आईला विचार चहा आहे का. मीही तिलाच सांगायची, बाबांना म्हणावं ठेवलाय. माझ्या माहेरीही मोठी माणसं असंच बोलायची, त्यामुळे मला त्यात काही वाटलं नाही. पण दोन हजार सालाच्या सुमारास लेक केंब्रिजला शिकायला गेली अन् घर मुकंच झालं बाप्पा.

मग यांनी हस्की आणली. बर्फातली गाडी ओढणारी कुत्री, घाऱ्या डोळ्यांची, नाव ठेवलं हिमा. काय सांगू तुम्हाला, जो माणूस माझ्याशी चार शब्द बोलत नव्हता तो तिच्याशी दिवसभर बोलून राहिला, तेही मराठीत. मालाम्यूट जातीची कुत्री ओझं ओढतात, सामोयेड जातीची दिसायला पांढरीशुभ्र, पण पळण्यात तुझा हात कोणी धरणार नाही, असं तिला सांगायचे. इथं बर्फ कुठला, तर रविवारी सकाळी जंगलात नेऊन तीन चाकांच्या गाडीला जुंपायचे, अन् घरी आल्यावर चिखलाचे तिचे पाय कोमट पाण्यानं धुवायचे. माझे गुडघे दुखतात का, हे कधी विचारलं नाही. वर तिला उकडतं म्हणून भर जानेवारीत हीटिंग बंद. माझा नुसता जळफळाट व्हायचा. मी लेकीला फोनवर म्हटलं, तुझ्या बाबांनी सवत आणली. ती हसत सुटली, मला मात्र रडू आलं.

एकदा शिफ्टवरून कुडकुडत आले अन् कोट न काढताच सोफ्यावर बसले. हिमा येऊन माझ्या पायांवर पसरली. यांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही, तिला म्हणाले, हिमा, आईला विचार, हीटिंग लावू का.

मी कुत्रीची आई केव्हा झाले, असं तोंडावर आलं होतं. पण वाकून तिच्या कानात म्हटलं, बाबांना सांग, लावा, अन् चहाही टाका म्हणावं. हे उठले, दोन्ही केलं.

आता बारा वर्षं झाली, हे रिटायर झाले, हिमा म्हातारी झाली, पळणं संपलं. आमचं सगळं बोलणं तिच्याच मार्फत चालतं. मी अजून जळते, खोटं कशाला बोलू, प्रत्येक वाक्यात नाव आधी तिचं येतं. तरी रोज सकाळी तिच्या कानामागं खाजवते अन् म्हणते, माझं आयुष्य तुला लागो बाई, तू गेलीस तर हे माझ्याशी बोलतील कसे.