निघायचं शुक्रवारी, जायचं सोमवारी

मानसिंग : त्यो पाटा-वरवंटा खोड आधी.

सुला : आत्ता तर लिहिला. शाई पण वाळली नाही.

मानसिंग : म्हणून तर लवकर खोड. फौजेच्या वारंटावर बायकापोराचं तिकीट फुकट, पण सामानाला हद हाय. तिच्यावर गेलं की किलोला पैसं. ह्या एका दगडापायी बावीस रुपयं जात्यात. हवालदाराला पगार काय दगड वाहायला देत्यात?

राहीबाई : मानसिंगा, मी चुलीपाशी असले तरी माझं कान तितंच हाईत. त्यो पाटा माझ्या सासूनं मला दिला, मी सुलीला दिला. जबलपुरात तिनं चटणी कशावर वाटायची?

मानसिंग : आये, जबलपूरला संगमरवराचं डोंगर हाईत. नदीच्या दोन्ही अंगाला पांढरंशिप्पट कडं. तिथला पाटा घिऊन देतो तुझ्या सुनंला.

राहीबाई : संगमरवरावर चटणी वाटत्यात व्हय रं? मिरची सरकंल, लसूण उडंल अन् वरवंटा पडंल बोटावर. देवळाच्या फरशीवर वाटल्यागत व्हईल ते.

सुला : आत्याबाईंचं खरं आहे. टाकी लावलेला खरखरीत दगडच पाहिजे.

मानसिंग : झालं. तुमी दोघी एका पार्टीत. ऱ्हाऊ दे पाटा. जमा किती हाय ते वाच.

सुला : दोनशे चाळीस. तुमचे दोनशे दहा, आणि मी तांदळाच्या डब्यात साठवलेले तीस. आता खर्च. माहुलीच्या स्टेशनापर्यंत दोन टांगे, सहा रुपये.

मानसिंग : दोन कशाला?

सुला : एकात आपण, एकात सामान.

मानसिंग : सामानाच्या टांग्यात मी बसतो, तुमी माझ्या मांडीवर... बरं, दोन. पुढं.

सुला : पुण्याला गाडी बदलायची, मनमाडला बदलायची. हमाल आठ रुपये.

मानसिंग : हमाल कट. मी काय हातपाय बांधून चाललोय? पाठीवर मण मण वजन घिऊन डोंगर चढलोय मी.

सुला : चढला असाल. पण वर्दी घालून, डोक्यावर पाटा घेऊन मनमाडचा पूल चढलात, आणि समोरून तुमचे साहेब आले तर सलाम कुठल्या हातानं करणार?

राहीबाई : हमाल लिव्ह गं, सुले.

सुला : लिहिलाय. दशम्या आणि शेंगांची चटणी घरची. नुसत्या चहाला पाच.

मानसिंग : पाच रुपयांचा चहा? कोण पिणार?

सुला : तुम्ही. मागच्या सुट्टीत तुम्हीच सांगितलंत, गाडी थांबली की मला चहा लागतो. दीड दिवसात गाडी किती वेळा थांबते ते तुम्हालाच ठाऊक.

मानसिंग : बायकोला काय सांगू नये. लगेच बजेटात येतं.

सुला : जबलपूरला उतरल्यावर टांग्याचे पाच. महिन्याचं पीठ, तांदूळ, तेल, कोळसा, नव्वद. आपल्या बनूची नवी शाळा, फी आणि फ्रॉक धरून पंचवीस. इथल्या खोल्यांचं राहिलेलं भाडं अठरा. एक लोखंडी खाट तीस.

मानसिंग : खाटंचं ठीक हाय. थंडीत तिथली फरशी बर्फागत असती.

सुला : पाट्याचे तुमचे बावीस. आणि आत्याबाईंचं सांगलीचं एस.टी.चं तिकीट, पाच.

राहीबाई : माझं कशाला धरतीस त्यात? पाच रुपयं हाईत माझ्या पिशवीत.

मानसिंग : आसं कसं? तुला रंगूकडं पोचवायची म्हंजे माझ्याच खर्चानं. सोमवारी आमी माहुलीला, तू सांगलीच्या गाडीत. कंडक्टर वळखीचा हाय, खाली दादला घ्यायला येईल रंगूचा. बघ आये, सांगलीला थंडी न्हाई. गुडघं दुखलं तर मिरजंचं दवाखानं हाकंवर. पोरगी हाय, नातवंडं हाईत. तुला आणि काय पायजे?

राहीबाई : काय न्हाई. लय ब्येस हाय रंगूचं. जावई तर देवमाणूस. मी गेले की उठून मला खुर्ची देतो. दोन दिस गेले तरी खुर्ची, आठ दिस गेले तरी खुर्ची. विहिणीनं तर गेल्या वक्ताला माझ्या हातनं खराटा काढून घेतला, पावण्या हायसा म्हणाली. आता कायमचं खुर्चीवर बसायचं, दुसरं काय.

मानसिंग : आराम कर की मग.

राहीबाई : करती की. आमच्या वक्ताला आयबाप लेकीच्या घरचं पाणीबी पीत नव्हतं. आता दिस बदलल्यात. पितात समदी.

सुला : एकूण दोनशे चौदा. शिल्लक सव्वीस.

मानसिंग : शाबास. सव्वीस रुपयं अडीअडचणीला. तीन वर्सं क्वार्टरच्या यादीत नाव लटकलं हुतं, आता बघ कसं फटाफट जमतंय. ह्या पंध्रा तारखेला ताबा घेतला न्हाई तर दुसऱ्याला देत्यात. सोमवारची गाडी चुकून चालायचं न्हाई.

सुला : सोमवारी तिकडच्या दिशेला निघू नये म्हणतात. म्हणून तर प्रस्थान ठेवून आले.

मानसिंग : त्येच इचारणार हुतो. सकाळच्या पारी गाठोडी घिऊन हरणाबाईच्या घरात कशाला शिरली हुतीस? मला वाटलं, धुणं द्यायला लागलीस का काय.

सुला : जायच्या दिवशी दिवस चांगला नसला, तर आधीच्या चांगल्या दिवशी प्रस्थान ठेवायचं. प्रत्येकाचं एक अंगावरचं कापड, त्यात सुपारी आणि हळकुंड. आपल्याला ज्या दिशेला जायचं, त्या दिशेच्या शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायचं. म्हणजे आपण त्याच दिवशी निघालो असं धरतात. भटजी म्हणाले, शुक्रवार उत्तम. हरणाबाईंचं घर आपल्या वरच्या अंगाला, जबलपूरच्या बाजूला.

मानसिंग : म्हंजे मी आज सकाळीच निघालोय.

सुला : हो.

मानसिंग : अन् सोमवारपतूर हितंच जेवणार, हितंच झोपणार.

सुला : हो.

मानसिंग : फौजेत आसं करून बघतो येकदा. साब, मैं शुक्रवार को निकल गया, सिर्फ बनियान आगे भेजा है.

राहीबाई : हसतोस काय? तुझा बाप लढाईवर गेला तवा माझ्या सासूनं त्याचा पटका ठिवला हुता पाटलाच्या घरात. आला की परत धडधाकट. सुले, माझं कोंडीबाच्यात ठिवलंस न्हवं? खालच्या अंगाला, सांगलीच्या बाजूला? माझ्या त्या हिरव्या चोळीत सुपारी बांधून दिली हुती बघ.

सुला : आत्याबाई...

राहीबाई : का गं? कोंडीबा शिंपी घरात न्हवता?

सुला : होते. पण माझं चुकलंच. चार गाठोडी एकदमच उचलली, आणि चारी हरणाबाईंच्या कोनाड्यात ठेवली. तुमचं पण तिथंच राहिलं.

मानसिंग : एवढंच ना? त्यात काय. मी जातो, हिरवं गाठोडं उचलतो अन् कोंडीबाकडं नेऊन टाकतो. दोन मिंटाचं काम.

राहीबाई : हात लावू नगंस.

मानसिंग : का?

राहीबाई : ठिवलेलं परस्थान माघारी आणत्यात व्हय? माघारी आणलं की परवास मोडला. पुढं जायाचं आसतं, मागं न्हाई.

मानसिंग : मग तुझं परस्थान जबलपूरला अन् तू सांगलीला? ह्याला कायतरी उपाय आसंलच. चुकलंमाकलं तर भटजी कायतरी सांगत्यातच.

सुला : विचारलं मी भटजींना. ते म्हणाले, ज्या दिशेला प्रस्थान ठेवलं, त्या दिशेला जावं. दुसरा उपाय नाही.

मानसिंग : कवा इचारलंस? सकाळपास्नं तर तू हितं यादी करतीयास.

सुला : काल संध्याकाळी.

मानसिंग : काल?

सुला : हो.

मानसिंग : चूक आज सकाळी झाली, अन् तिचा उपाय काल संध्याकाळी इचारलास?

(सुला यादीच्या कागदाची घडी घालते, पुन्हा उघडते. चुलीवरचं दूध वर येतं, ते राहीबाई उतरवतात.)

राहीबाई : रंगू वाट बघत बसंल तिकडं. तिला काय सांगायचं?

सुला : वन्संना कार्ड टाकलंय. एवढ्यात येऊ नका घ्यायला म्हणून लिहिलं.

मानसिंग : हे बी कालच?

सुला : मंगळवारी.

मानसिंग : मंगळवारी. आमच्या सीओ साहेबाला कळवतो. हिला न्या म्हणावं हेडक्वार्टरात, मोर्च्याची आखणी करायला. आगं, पण मला सांगायचं की सरळ.

सुला : सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, आईला विचारलंय, ती नको म्हणाली.

मानसिंग : म्हणालीच हुती. माझ्या कानानं ऐकलंय. आये, म्हणाली हुतीस का न्हाई?

राहीबाई : म्हणले असंन.

सुला : दिवाळीच्या सुट्टीत विचारलंत. बुटाला पॉलिश करता करता. मान सुद्धा वर केली नव्हती. आये, तू काय येत न्हाईस न्हवं तिकडं लांब, असं म्हणालात. त्यावर माणूस नाहीच म्हणणार. आत्याबाईंनी त्या दिवशी जेवण अर्धं ठेवलं होतं. तुम्ही नव्हता घरात, पंगतीला गेला होता.

राहीबाई : पोट बरं न्हवतं माझं.

सुला : बरं. नसेल.

मानसिंग : मला वाटलं, तिला हीच जागा प्यारी. शेजारपाजार, देऊळ. परमुलखात कशाला वढायची म्हातारीला. एक खोली, एक पडवी. लोक समदं हिंदी बोलणारं. मला खरंच तसं वाटलं, सुला.

सुला : मला ठाऊक आहे. म्हणून तर चूक मी केली. तुमच्यावर नको यायला.

मानसिंग : आये.

राहीबाई : काय?

मानसिंग : हिकडं ये जरा. बस. खुर्ची न्हाई, घोंगड्यावरच बस. चल आमच्यासंगं जबलपूरला.

राहीबाई : नगं बाबा. एका खोलीत तुमची अडचण.

मानसिंग : पडवीला तट्ट्या बांधून घेतो. तिथं खाट टाकू. ती तीस रुपयांची खाट तुझी.

राहीबाई : अन् बाजारात जाऊन काय बोलू? मला न्हाई येत ती हिंदी.

मानसिंग : भाजीवालीला हिंदी येत आसली तरी तुझ्याम्होरं काय चालायची न्हाई तिची. चल.

राहीबाई : माझं तिकीट वारंटात न्हाई. पैसं कुठनं आणशील?

सुला : एकोणतीस रुपये तिकीट. सांगलीचे पाच वाचले, म्हणजे शिल्लक एकतीस झाली. त्यातून एकोणतीस गेले की दोन उरतात.

मानसिंग : दोन रुपयांची अडीअडचण. बास की. त्याच्यावर अडचण आली तर माझ्या चहातनं काप.

राहीबाई : पाटा ठिवू मग हितं. बावीस रुपयं वाचतील. हरणीला देऊन टाकू.

मानसिंग : पाटा येणार. पाटा वाटणारी येती म्हटल्यावर पाटा येणारच. आता नगं म्हणू नगंस आये, मी तिसऱ्यांदा बी इचारीन.

राहीबाई : सुले, तुझं काय म्हणणं?

सुला : माझं म्हणणं सकाळीच कोनाड्यात ठेवून आले, आत्याबाई.

राहीबाई : लय गुणाची हायस. देवाच्या कामात आसं करू नये पर.

सुला : देवाला सांगूनच केलंय. आणि चुकीबद्दल सोमवारचा उपास धरते, गाडीतच.

मानसिंग : म्हंजे दशम्या मला जास्त. आये, एक अट हाय. पुण्यापास्नं पुढं गाडीला गर्दी लय. वरची फळी रिकामी मिळाली तर तुला वर चढवीन, निवांत झोपून ये.

राहीबाई : वर नगं. मला खिडकीपाशी बसव.

मानसिंग : खिडकीला वारा लय आसतो. धूर येतो इंजनाचा.

राहीबाई : येऊ दे. तुझा बाप इतकी वर्सं पत्रातनं लिवायचा, आज मनमाड सोडलं, आज भुसावळ सोडलं, आज इटारसी. मास्तरांकडनं वाचून घेत हुते मी. पर टेशनाभवती काय आसतं, ते त्यानं कवाच लिव्हलं न्हाई.