दिनेशचा आयफोन आणि घरची हजेरी

दिनेशने सेकंडहँड आयफोन घेतला तेव्हाची गोष्ट. आम्ही दोघं रसायनीला एकाच कंपनीत. तिथं गेटवर पोचलं की मोबाइलच्या ॲपमधून हजेरी लावायची, आणि ते ॲप नेमकं अँड्रॉइडचं. आयफोनवर येईच ना.

पण कर्जतच्या एका मोबाइलवाल्याने जुगाड करून दिलं. जुना अँड्रॉइड फोन गावी कोंडाण्याला दिनेशच्या घरी चार्जिंगला लावून ठेवायचा आणि त्याचा स्क्रीन आयफोनवर उघडून तो इथून चालवायचा.

सोमवारी दिनेशने गेटवर ऐटीत आयफोन काढला, हजेरी लावली. आत शिरणार, तेवढ्यात आमचे सुपरवायझर पाटील चहा घेत बाहेर आले. त्यांनी आपल्या मोबाइलवर बघितलं.

"दिनेश, तू आज घरी हायेस."

"साहेब, मी तुमच्यासमोर उभा हाय."

"मला दिसतोस रं. ॲपला नाय दिसत. ॲप म्हणतं, तू कोंडाण्यात. आज तुझा खाडा पडंल."

मग दिनेशच्या डोक्यात उजेड पडला. ॲप चालत होतं घरच्या फोनमध्ये, ते घरचाच पत्ता सांगणार. तो जरा विचार करून म्हणाला, "साहेब, एक करतो. उद्यापासून जुना फोन इथंच गेटवर चार्जिंगला ठेवतो. मंग रोज बरोबर हजेरी लागंल."

पाटलांनी उरलेला चहा शांतपणे संपवला.

"ठेव की. तो करंल ड्युटी. तू घरी चार्जिंगला बस."