जाळापुढे पुन्हा उकिडवं

मी नशिराबादचा, इथलाच जन्म, अन् काय सांगू तुम्हाले, माहा बाप बी हेच करे, भरीत. कोणाच्या हळदीचं जेवण असो, शेतातली पार्टी असो, बाप पऱ्हाट्यांचा जाळ करे, कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, अन् त्याच्यापुढे उकिडवं बसून वांगी फिरवत राहे, अन् मी त्याच्या बाजूले. शाळेत बसलो नाही तितका मी जाळापुढे बसलो असेन. हे काम उभ्यानं होत नाही बरं का. वांगं खालून किती भाजलं ते वरून दिसत नाही, बसून पाहावं लागते, मंग गरम गरमच सोलावं लागते, मंग लाकडाच्या बडगीत टाकून ठेचावं लागते, सगळं बसूनच. लोकं मले भरीतवाले नाना म्हणतात, वय काही नाना म्हणायचं नाही, पन्नाशी आता कुठं आली, पण नाव पडलं ते पडलं.

तर ते बसणंच गेलं ना भाऊ. आधी डावा खुबा दुखे, मंग उजवा बी दुखायला लागला, मले वाटे वात असेल, तेल चोळलं, शेक घेतला, काही फरक नाही. बसलो की दोन जणांनी बगलेत हात घालून उठवावं लागे. एका पार्टीत मी खुर्ची घेऊन जाळापुढे बसलो अन् लांब झाऱ्यानं वांगी फिरवली, अर्धी कच्ची, अर्धी कोळसा. लोकं काहीच बोलले नाहीत, गुपचूप जेवले. अन् तेच मले लागलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मंग जळगावले दाखवलं. डॉक्टरनं फोटो काढले, म्हणे नाना, दोन्ही खुबे घासले. त्यानं मूठ केली अन् दुसऱ्या हाताच्या ओंजळीत फिरवून दाखवली, म्हणे हा गोळा, ही वाटी, आपण गोळा कापायचा नाही, तुमचं हाड मजबूत आहे, वरून घासून धातूची टोपी बसवू, वाटीत धातूचं अस्तर. मी म्हटलं साहेब, ते सगळं ठीक, मले उकिडवं बसता येईल का? तो हसला, म्हणे लोकं विचारतात चालता येईल का, तुम्ही हे काय विचारता? मी म्हटलं चालून काय करू, भरीत चालत चालत होत नाही! तो म्हणे, होईल कदाचित, पण वचन देत नाही, अन् मी सांगेन तोपर्यंत खाली बसायचं नाही, वाकायचं नाही.

आधी डावा केला, तो सावरला मंग उजवा. वॉकर, दोन पायांत उशी, उंच खुर्ची, काय काय. आमची घरची धुळ्याकडची, शिंदखेड्याची, ती अहिराणीच बोलते, दिवसभर म्हणे, कथा चालनात, बसा तठेच, मी शे ना आठे, म्हणजे कुठं चालले, बसा तिथंच, मी आहे ना इथं. पोलिसावानी उभी राहे. पण खरं सांगतो, तिनं केलं ते कोणी करत नाही.

अन् तरी मी घोळ घातलाच. माही थोरली बहीण अक्का, वरणगावले दिलेली, ती भेटायला आली. आता अक्का दारात आली अन् मी पाया पडणार नाही, असं होते का? जन्माची सवय, वॉकर सोडला अन् सरळ खाली वाकलो. कट् असा आवाज आला. मले वाटलं गेली टोपी, गेलं सगळं! घरची किंचाळली, अक्का रडायला लागली, मले आडवं घालून जीपमधून जळगावले नेलं. रस्ताभर मी काय म्हणू राहिलो माहिती आहे? माहं भरीत गेलं, माहं भरीत गेलं. डॉक्टरनं फोटो पाहिला, म्हणे खुबा जागेवर आहे, नशीबवान आहात, पण पुन्हा वाकलात तर मी जबाबदार नाही. तो आवाज कशाचा व्हता देव जाणे. घरी आलो तर अक्का काय करते? साठीची बाई, खाटेवर चढून उभी राहिली, भिंतीले धरून, म्हणे घे आता, पड पाया, वाकू नको. मी उभ्या उभ्या तिच्या पायाले हात लावला अन् आम्ही दोघं इतकं हसलो, इतकं हसलो, की घरची म्हणे, येडा व्हई गयात का बठ्ठा, सगळेच येडे झाले का?

मंग पोरीचं, आमच्या सोनालीचं लग्न जमलं. हळद आमच्याच दारात. लहान भाऊ म्हणे, नाना, तू आराम कर, मी दुसऱ्या भरीतवाल्याले सांगतो. मी इतका भडकलो! माह्या पोरीच्या हळदीले दुसऱ्याच्या हातचं भरीत? व्यायाम करून घेणाऱ्या मॅडमकडे गेलो, म्हटलं बसवा मले. ती म्हणे डॉक्टरांची परवानगी आणा. आणली. मंग खाटेचा पाय धरून रोज थोडं थोडं खाली, जांघा थरथरत, घाम फुटे, पण दुखणं ते जुनं नाही, हे कामाचं दुखणं, ते गोड लागते.

तर आता तुम्ही पाहिलंच ना भाऊ, तुम्ही इथंच व्हते. जाळ धडधडला, पोतंभर वांगी ओतली, अन् सगळे माह्याकडे असे पाहू राहिले, जसं काही मी विहिरीत उडी घेणार आहे. मी बसलो. कशाले न धरता बसलो. वांगी फिरवली, सोलली, हात भाजला तरी गोड वाटे. मंग परातभर सोललेली वांगी बडगीकडे न्यायची व्हती, दोन्ही हातांत परात, अन् मी उठायला लागलो तर चौघं धावले, मी म्हटलं खबरदार! अन् उठलो हो. सरळ उठलो, परात हातात. सोनाली हळदीच्या हातांनी तोंड झाकून रडू लागली, तिचं सगळं तोंड पिवळं.

परात ठेवली अन् मंग मी परत जाळापुढे गेलो, तिथलं काम सरलं व्हतं तरी बसलो. उठलो. पुन्हा बसलो. बाया म्हणू राहिल्या नानाले काय झालं, अन् मले थांबवेच ना.

देव तुमचे बी खुबे, गुडघे सगळे सलामत ठेवो. पंगत मांडली आहे, चला. तुमच्यासाठी खुर्ची आणतील, ती नका घेऊ, माह्या बाजूले खालीच बसा.