मुंबईकडून खेळले त्याची गोष्ट

हसू नका, पण मी एकदा मुंबईकडून फुटबॉल खेळले. तेबी आमच्याच कळमनुरीच्या मैदानावर!

झालं काय, आमच्या पोरींच्या टीमवर पिक्चर काढायला मोठी माणसं आली. आमी धुतलेल्या जर्स्या अन् बूट घालून, बॉयकट करून हजर. डायरेक्टर आमच्याकडं बघून म्हणाला, "तुम्ही खेड्यातल्या वाटतच नाही."

मग त्यानं मुंबईहून गोऱ्यापान पोरी आणल्या. त्यांच्या तोंडाला सावळा रंग फासला, खोट्या वेण्यांना लाल रिबिनी बांधल्या, पायातले बूट काढून घेतले. झाली कळमनुरीची टीम तयार! अन् आमाला दिलं समोरच्या मुंबईच्या टीमचं काम. काहून, तर आमच्या पायात बूट होते.

मी गोलकीपर. शेवटच्या मॅचमधी हिरोइनीचा गोल मी मुद्दाम सोडायचा, असं ठरलं होतं. सोडलाबी असता, पण तिचा बॉल माझ्यापर्यंत पोचतच नव्हता. त्याला मी काय करू?

आमच्याच गावाला प्रेक्षक म्हणून बसवलं होतं. डायरेक्टर भोंग्यातून ओरडला, "म्हणा जोरात, कळमनुरी!"

सगळं गाव ओरडलं, "मुंबई! मुंबई!"

"कट! अहो, तुम्ही कळमनुरीचेच ना?"

पुढच्या रांगेतून माझी आत्या उठली, पदर खोचला अन् म्हणाली, "व्हय की! म्हणून तर आमच्या पोरींच्या बाजूनं ओरडून राहिलो."