पाव्हण्यावर केस

तुम्ही म्हणताय ना, अडचणीत आपलीच माणसं धावून येतात? मग ऐका. कॉलेज सोडून मी रत्नागिरीत पार्सलं पोचवत होतो. एका टेम्पोनं मागनं उडवलं आणि पाय मोडला. आठवडाभर दवाखान्यात एकटाच पडून होतो. शेजारच्या खाटेवरच्या माणसानं एका वकीलबाईंचा नंबर दिला. त्या फोनवर म्हणाल्या, "केस भक्कम आहे. संध्याकाळी वकीलपत्रावर सही घ्यायला येते."

त्याच दुपारी गावाकडनं, बेंबळीहून आण्णा, म्हणजे माझे वडील, आले. लई बरं वाटलं. केसचंही त्यांना सांगितलं. तेवढ्यात टेम्पोवाला मोसंब्या घेऊन आला. आण्णांनी माझ्या पायाकडं बघायच्या आधी त्याला विचारलं, "गाव कोणतं तुमचं?"

"मूळचा ढोकीचा."

झालं! ढोकी आमच्याच जिल्ह्यातलं गाव. चहा संपेस्तोवर तो आमच्या आत्याच्या दिराचा साडू निघाला. आमच्या म्हाताऱ्यांना पोटचं पोरगं दिसत न्हाय, सोयरीक मात्र कोसावरनं दिसते.

"घरातलाच माणूस हाय," आण्णा मला म्हणाले. "पाव्हण्यावर केस करतो व्हय?"

"आण्णा, पाय माझा मोडलाय."

"पाय जुळतोय रं. नातं तुटलं तर जुळतं का?"

मग त्यांनी पिशवी उचलली. "पाव्हणा जेवायला लई आग्रह करतोय. न्हाय म्हणलं तर बरं दिसत न्हाय."

संध्याकाळी वकीलबाई आल्या. मी सही केली. त्यांनी खाटेभोवती नजर फिरवली. "घरचं कुणी नाही सोबत?"

"आलेत की," मी म्हणलो. "समोरच्या पार्टीकडं जेवायला गेलेत."